वेळेआधी आलेली एसटी

"मॅडम, तक्रार लिहून घ्या. एसटी वेळेच्या आधी यायला लागलीय."

समोर बसलेला माणूस प्यालेला नव्हता. तो कोळगिरीच्या बसस्थानकाचा वाहतूक नियंत्रक होता, यशवंत माळी. अंगात खाकी सदरा आणि चेहरा घरात साप निघाल्यासारखा.

"वेळेआधी येते, मग पेढे वाटा," मी म्हटलं.

"थट्टा नको मॅडम. एखादी गाडी आली असती तर ड्रायव्हरला दोन शब्द बोललो असतो. सगळ्याच यायला लागल्यात. साताऱ्याची, कोल्हापूरची, आणि धनगरवाड्यावरची मुक्कामी गाडीसुद्धा. माझ्या अख्ख्या नोकरीत असं कधी झालं न्हाई. ह्यात कायतरी घातपात हाय."

कोपऱ्यात उभे असलेले आकाराम हवालदार गंभीरपणे म्हणाले, "असणारच."

मी तेव्हा कोळगिरीत फौजदार होते. पहिलीच नेमणूक, अंगात नवी वर्दी, डोक्यात गुन्हेगारी निपटून काढायचा जोश, आणि गाव असं की महिनाभरात कोंबडीसुद्धा चोरीला गेली नव्हती. एरवी माळींना चहा पाजून मी परत पाठवलं असतं. पण त्याच सकाळी माझ्या टेबलावर जिल्ह्याहून मेमो येऊन पडला होता. आदल्या आठवड्यात एसपी साहेबांच्या मीटिंगला मी घड्याळ बघून, चांगली वेळेत निघून, सगळ्यांच्या नंतर पोचले होते. भरल्या हॉलमध्ये साहेबांनी विचारलं होतं, "काय शेलारबाई, कोळगिरीत सूर्य उशिरा उगवतो का?" सगळे हसले. मी तो हशा अजून गिळत होते.

मी माझ्या घड्याळाकडे पाहिलं. वडिलांनी नोकरी लागली तेव्हा घेऊन दिलेलं. ते घड्याळ कोळगिरीत आल्यापासून बिघडलं होतं, निदान गावाचं तसं म्हणणं होतं. गावात वेळ म्हणजे नगरपालिकेचा भोंगा. सकाळी साडेदहाला तो झाला की शाळा भरते, कचेऱ्या उघडतात. दुपारी झाला की बायका पानं वाढतात. संध्याकाळी झाला की दुकानदार दिवे लावतात. मोबाइल तेव्हा मोजक्यांकडे होते आणि तेही आपले मोबाइल भोंग्याला लावत. माझं घड्याळ भोंग्याशी जुळेना म्हणून मी ते घड्याळजीकडे दोनदा नेलं. दोन्ही वेळा त्याने ते कानाला लावलं, मान हलवली, "मॅडम, घड्याळ पळतंय" म्हणाला आणि काटे मागे घेऊन परत दिलं. शेवटी मीही हात टेकले.

आता मी कंट्रोल रूमला फोन लावला. "वेळ काय झालीय?"

पलीकडून काळजीचा आवाज आला, "बरं वाटत नाही का मॅडम?" आणि मग वेळ आली. ती माझ्या घड्याळापेक्षा, भिंतीवरच्या घड्याळापेक्षा, माळींच्या घड्याळापेक्षा चांगली पाव तास पुढे होती.

"आकाराम, आपलं अख्खं गाव मागे आहे."

हवालदारांनी विचार केला. "किंवा मग मॅडम, अख्खा जिल्हा पुढं गेला असंल. आकाशवाणी तर कवाचीच पुढं गेलीया. बातम्या हल्ली लौकर लागत्यात."

नगरपालिकेतला भोंगा पूर्वी शिपाई बटण दाबून वाजवायचा. सहा महिन्यांपूर्वी नगराध्यक्ष दौलतराव इंगवले, म्हणजे अख्ख्या गावाचे अण्णा, यांनी तो कॉम्प्युटरला जोडून घेतला होता. हा कॉम्प्युटर त्यांच्या केबिनमध्ये, भरतकाम केलेल्या झालरीखाली ठेवलेला, वर हळदकुंकू वाहिलेलं. पुण्याच्या कंत्राटदाराने त्याला फोनची तारही जोडून दिली होती, म्हणजे बिघाड झाला तर त्याला पुण्यात बसून दुरुस्त करता यावा. आम्ही नगरपालिकेत जाऊन झालर उचलली, त्या कंत्राटदाराला फोन केला, त्याने तिथूनच पाहिलं आणि सांगितलं, "कुणीतरी बाहेरून आत शिरतंय. दोन-तीन दिवसांआड भोंगा एक-दोन मिनिटं उशिरावर ढकलतंय. परवलीचा शब्द माहीत असल्याशिवाय हे होणार नाही."

"परवलीचा शब्द कुणाकुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

आकाराम खाकरले. "सगळ्यांस्नी."

"म्हणजे?"

"उद्घाटनाच्या भाषणात अण्णांनीच सांगितला की. 'ह्या भोंग्याला परवलीचा शब्द काय ठेवलाय म्हाईत हाय का? माझ्या आईचं नाव! गोदाबाई!' काय टाळ्या पडल्या मॅडम! पयली टाळी माझीच."

आणि नगरपालिकेचा फोन नंबर तर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता.

टेलिफोन एक्स्चेंजवाल्यांनी संध्याकाळच्या आत सांगितलं की फोन हायस्कुलातून येत होते. मी लगेच साहेबांना कळवलं. साहेबांचा आवाज मीटिंगमधल्यापेक्षा पार वेगळा होता. "अहो, हा आपल्या जिल्ह्यातला पहिला कॉम्प्युटर गुन्हा! सोडू नका. कडक कारवाई करा, उदाहरण घालून द्या. पेपरात फोटो येईल. आणि तो मेमो वगैरे विसरून जा." मी फोन ठेवला आणि टोपी सरळ केली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तो गुन्हेगार लाखमोलाचा वाटला.

हायस्कूल अजून सुटलं नव्हतं. मुख्याध्यापक पाटणकर सर म्हणजे शिस्तीचा पुतळा. भोंगा वाजला की स्वतःच्या हाताने फाटकाला कुलूप घालायचे; मागून येईल तो बाहेर. त्यांच्या शाळेत गुन्हेगार आहे हे ऐकून ते पांढरेफटक पडले. कॉम्प्युटरच्या खोलीत जाणारी दहावीची मुलं त्यांनी मैदानात उभी केली आणि मी माझा खास आवाज काढला.

"नगरपालिकेच्या भोंग्याशी खेळ कोण करतंय? आत्ताच्या आत्ता पुढे या, नाहीतर..."

नाहीतर काय ते मला सुचलं नव्हतं. तशी वेळही आली नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने प्रश्नाचं उत्तर येत असल्यासारखा हात वर केला.

"रोहिणी, हात खाली कर," सर म्हणाले. "हुशार मुलांना नाही विचारलं."

"सर, मीच केलंय."

रोहिणी लोहार. दोन वेण्या, त्यातली एक सुटायला आलेली. शाळेत पहिली येणारी. कॉम्प्युटरच्या सरांना जे अडायचं ते सर हिला विचारायचे, इतकंच काय खोलीची किल्लीही हिच्याकडे असायची. मी तिला मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवलं आणि तिच्या आईला बोलावणं धाडलं. आई पिठाची गिरणी चालवायची. तशीच कोपरापर्यंत पांढऱ्या हातांनी धावत आली.

"का केलंस हे?" मी विचारलं.

"गंमत म्हणून."

"गंमत म्हणून अख्ख्या गावाची घड्याळं मागे नेलीस?"

"घड्याळं मी न्हाई नेली मॅडम. लोकांनी आपापली नेली."

आकाराम हवालदारांनी आपलं मनगट हळूच पाठीमागे घेतलं.

एवढ्यात दौलतराव इंगवले चार माणसं घेऊन आत शिरले. "कुठं हाय तो ह्याकर?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली, माणूस दिसेना तेव्हा कपाटामागेही पाहिलं. मी बोट दाखवलं. "ही? एवढीशी?" क्षणभर त्यांचा रागच बसेल असं वाटलं. पण मग त्यांना हेलिकॉप्टर आठवलं.

हेलिकॉप्टरची गोष्ट ताजी होती. गेल्या आठवड्यात एक मंत्री कोळगिरीला येणार होते. मैदानावर चुन्याने वर्तुळ आखलेलं, बँडवाले ठरलेले. भोंग्याच्या हिशोबाने सगळे वेळेवर निघाले. मंत्री त्याआधीच उतरले, तेव्हा स्वागताला मैदानात दोन म्हशी होत्या. मंत्र्यांनी म्हशींकडे पाहिलं, म्हशींनी मंत्र्यांकडे, आणि हेलिकॉप्टर परत उडालं. दौलतराव हार घेऊन पोचले ते धुळीत. आमदारकीचं तिकीट त्या धुळीबरोबर गेलं असं गावात बोललं जात होतं.

"मॅडम, हिला सोडायचं न्हाई," ते थरथरत म्हणाले. "सुधारगृहात घाला. दोन-चार वरसं. गावातल्या पोरांस्नी कळू दे."

"मी नाव कमी करतो शाळेतून," पाटणकर सर म्हणाले. त्यांना मनातून वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण नियमापुढे त्यांचं मनही काही बोलायला धजत नसे.

रोहिणीची आई भिंतीला टेकली. "मॅडम, काय मारायचं ते मारा हिला. मी पण मारते. पण दहावी तेवढी होऊ द्या. मार्चात परीक्षा हाय ओ."

रोहिणी जमिनीकडे पाहत होती. मी पुन्हा विचारलं, खरं कारण सांग. ती पुन्हा म्हणाली, "गंमत." असली कोडगी पोरगी मी पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे पेपरातला फोटो होता आणि कानात तो हॉलमधला हशा. उद्या शाळा भरताना इथेच या, दौलतरावांची फिर्याद घेऊ, असं सांगून मी उठले. दौलतरावांनी जाताजाता कंत्राटदाराला फोन करून भोंगा दुरुस्त करून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत निघाले. वाटेत भोंगा झाला. घड्याळात पाहिलं तर अजून अवकाश होता, आणि मग लक्षात आलं की तपासाच्या गडबडीत माझंच घड्याळ पुढे करायचं राहून गेलं. शाळेजवळ पोचले तर फाटक बंद. आत पाटणकर सर कुलूप ओढून बघत होते.

"सर, उघडा. मी आहे."

"प्रार्थना झाल्यावर उघडतो मॅडम. नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी उघडलं तर मुलं काय शिकतील?" आणि ते खरोखरच निघून गेले.

मी वर्दीत, डोक्यावर ऊन, फाटकाबाहेर. तेवढ्यात धनगरवाड्यावरची एसटी आली. तिच्यातून दहा-बारा पोरं उड्या टाकून धावत सुटली. सगळ्यांत पुढे सहावीतली असावी अशी एक मुलगी. फाटकाचं कुलूप दिसलं तशी ती थांबली. मागची थांबली. कुणी फाटक वाजवलं नाही. दप्तरं खाली ठेवून पोरांनी उन्हातच रांग धरली आणि आपापले कान पकडले. इतक्या सवयीने, की मला काही कळेचना.

पुढची मुलगी माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही पण लेट का? मग कान धरा. सर खिडकीतनं बघत्यात."

मी कान धरले नाहीत. हात मात्र वर गेला होता.

"तुझं नाव काय?"

"भागू येडगे."

"रोज असं उभं राहता?"

"आदी रोज ऱ्हायचो. मदी एसटी सुधारली व्हती." ती हिरमुसून रस्त्याकडे पाहू लागली. "लई दिस येळंवर येत व्हती. पयला तास बी मिळायचा. आज परत बिघडली."

तीच पुढे बोलत राहिली. "आता आज्जा परत म्हननार, उनात हुबं ऱ्हायला येवढं लांब कशाला जायाचं, त्यापरास मेंढरं राखा. शेवंताला आन् तिच्या भनीला तर काडलं बी शाळंतनं. रोहिणीताई हाय म्हनून बरं. ती मधल्या सुट्टीत बुडाल्याला तास शिकिवती आमास्नी."

आतून प्रार्थना ऐकू येत होती. ती संपेपर्यंत मी त्या पोरांच्या रांगेत उभी राहिले, आणि आयुष्यात कधी नव्हे इतकी मला स्वतःच्या टोपीची लाज वाटली.

खोलीत सगळे जमले होते. रोहिणीच्या शेजारी आई, तिचे हात आज धुतलेले. मी रोहिणीसमोर खुर्ची ओढून बसले. "भागू भेटली मला."

तिने पहिल्यांदा घाबरून वर पाहिलं. "मॅडम, तिला कायबी म्हाईत न्हाई! त्यांतल्या कुणालाच न्हाई. त्यांच्यापायी झालं असं कळलं तर घरनं शाळाच बंद करतील त्यांची."

"म्हणून गंमत?"

तिने मान हलवली. मग एकदम फुटलीच. "मी सगळ्यांकडं गेलते मॅडम. माळीकाका म्हणाले, गाडीचं टाइमटेबल वरनं येतंय. सर म्हणाले, फाटक भोंग्याला बंद. अण्णांकडं गेले तर अण्णा म्हणाले, भोंगा काय तुझ्या बापाचा हाय का, कवाबी वाजवायला." तिने डोळे पुसले. "एसटी हलंना. सर हलंनात. भोंगाच तेवढा हलला."

पाटणकर सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दौलतराव म्हणाले, "ते समदं ठीक हाय. पण गुन्हा तो गुन्हाच. आज भोंगा, उद्या बँक. पोरं सोकावत्यात."

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि कागद पुढे ओढला. "फिर्याद लिहू. फिर्यादी दौलतराव इंगवले. आरोपीस परवलीचा शब्द कसा समजला?"

"चोरला असंल!"

"कुठून?"

दौलतराव आकारामांकडे बघू लागले. आकारामांनी अदबीने सांगितलं, "अण्णा, मी व्हतो की त्या सभंला. मला साक्ष द्यावी लागंल. टाळीपास्नं सगळं सांगावं लागंल."

"आणि कारणही लिहावं लागेल," मी म्हटलं. "मुलं उन्हात कान धरून उभी असायची, म्हणून. मग फाटक कुणाच्या हुकमाने बंद, तेही. कोर्टात सरांना बोलावतील, अण्णांना बोलावतील. म्हशींचा विषयही निघेल. पेपरवाले असतातच."

दौलतरावांनी रुमालाने मानेचा घाम पुसला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. माणूस राजकारणातला होता.

"मला सांगा मॅडम, धनगरवाड्यावर घरं किती असत्याल?"

"पुष्कळ."

"मग भोंगा पाव तास उशिराच बरा!" त्यांनी टेबलावर हात मारला. "लेकरांच्या शिक्षणासाठी! ठरावच घेतो. माझ्या मनात हे कवापास्नं व्हतंच."

पाटणकर सर खिडकीतून वळले नाहीत. "ठराव झाला तर फाटकही त्या वेळेलाच," ते म्हणाले.

शिक्षा मात्र द्यायची ठरलीच, कारण चूक तिचीही होती, आणि ते मी रोहिणीला स्पष्ट सांगितलं. दुसऱ्याच्या दारात न विचारता शिरायचं नाही, दार उघडं असलं तरी. तिने मुकाट्याने मान हलवली. शिक्षा अशी, की परीक्षेपर्यंत दर शनिवारी नगरपालिकेत जाऊन सगळ्या कारकुनांना कॉम्प्युटर शिकवायचा.

बाहेर आल्यावर आकाराम म्हणाले, "मॅडम, पोरीवर लई कडक झालात. कदम कारकुनाला शिकवायचं म्हंजी... त्यापरास सुधारगृह बरं व्हतं ओ."

साहेबांना फोन मीच केला. गुन्हा नव्हता साहेब, तांत्रिक बिघाड होता, म्हणून सांगितलं. "मग तुमचा मेमो तसाच राहील शेलारबाई." राहू द्या, म्हटलं. तो अजून माझ्या सर्व्हिस बुकात आहे.

पंधरवड्यात भोंग्याच्या नव्या वेळेचा समारंभ झाला. मंडप, हार, सगळं साग्रसंगीत. दौलतराव छाती काढून म्हणाले, "ह्या खेपंला परवलीचा शब्द बदललाय, आन् तो मी कुणाच्या बापाला सांगणार न्हाई!" टाळ्या पडल्या. टाळ्यांनी त्यांना राहवलं नाही. "एवढंच सांगतो, ते माझ्या वडलांचं नाव हाय!" पुन्हा टाळ्या. पहिली आकारामांची. मी गर्दीत रोहिणीला शोधलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि, शपथेवर, दोन्ही हातांनी आपले कान धरले.

ती पुढे पुण्यात गेली. एका कंपनीत, कॉम्प्युटरच्या कुठल्या दाराला कडी नाही हे शोधून सांगायचं काम करते. त्याचा तिला पगार मिळतो. आत शिरायच्या आधी विचारते, असं तिने मला फोनवर सांगितलं.

मागच्या वर्षी एका लग्नाला जाताना कोळगिरी वाटेत लागली. हायस्कुलासमोर चहाला थांबले. ठराव होऊन कैक वर्षं झाली, पण ठराव लक्षात ठेवायची गावाला सवय नाही. भोंगा झाला की साडेदहा, हे त्यांचं कायम. हल्ली सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात खरी वेळ दिसते. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, "मोबाइल पुढं पळत्यात हो आमच्याकडं. रेंजचा प्रॉब्लेम."

धनगरवाड्यावरची एसटी आली. पोरं उतरली, जास्त करून मुलीच. त्यातल्या दोघी भांडत, एक पेरू खात, रमतगमत उघड्या फाटकातून आत गेल्या. कुणीही पळत नव्हतं. मग भोंगा झाला.

चहावाल्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं. "बाई, तुमचं घड्याळ पळतंय."

"पळतंय खरं," मी म्हटलं, आणि वडिलांच्या घड्याळाचे काटे मागे घेतले.